शाश्वत शेती आणि अन्नासाठी जैविक उपाय : पीएचडी करू पाहणाऱ्या मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीचे निकाल लागले की सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतीशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकलेली मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील साधारण हेच प्रश्न घेऊन येतात. या विषयात पीएचडीचे विद्यार्थी मार्गदर्शनासाठी घेणारी एक शिक्षिका म्हणून मी उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. एक मत आधीच सांगते, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत ते येणार आहे : ही पीएचडी प्रयोगशाळेत सुरू होते, पण शेतात हंगाम काढल्याशिवाय पुरी होत नाही. तशी ती पुरी झाली आहे असं कागदावर दाखवता येतं. मला ते मान्य नाही.

जैविक उपाय म्हणजे सेंद्रिय शेतीच ना?

नाही. सेंद्रिय शेती ही शेतीची एक पद्धत आहे, तिचे नियम आणि प्रमाणपत्रं वेगळी. जैविक उपाय म्हणजे पिकाचं पोषण किंवा संरक्षण करण्यासाठी सजीवांचा, नाहीतर सजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांचा वापर. कडधान्याच्या मुळावर गाठी करणारा रायझोबियम जिवाणू, मर रोगाच्या बुरशीवर चढणारी ट्रायकोडर्मा, हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी, घाटेअळीला होणारा एचएएनपीव्ही विषाणू, ऊसात लावायची ट्रायकोकार्डं (ट्रायकोग्रामा ही इवलीशी परोपजीवी माशी ज्यांवर वाढवलेली असते ती कार्डं), गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे, सगळं यात येतं. रासायनिक खत वापरणारा शेतकरीही हे वापरू शकतो, आणि वापरतो.

अन्नाची बाजूही यातच आहे. काढणीनंतर फळ सडू नये म्हणून वापरायचे उपयोगी जीव, भुईमुगात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष होऊ नये म्हणून विष न बनवणाऱ्या अ‍ॅस्परजिलसला शेतात आधी जागा देणं, कोळंबीच्या तळ्यातले प्रोबायोटिक. विद्यार्थी बहुतेक वेळा खत आणि कीड या दोनच गोष्टी धरून बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

हे उपाय खरंच चालतात का?

महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. 2002 मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रात पसरला. पुरुषभर उंचीच्या उसात शिरून फवारणी करणं जवळजवळ अशक्य. तो मावा आटोक्यात आला तो मुख्यतः डायफा आणि मायक्रोमस या भक्षक किड्यांमुळे. हे किडे रानातच होते. संशोधकांनी आणि शेतकऱ्यांनी ते वाढवले, एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडले. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला सापडला; 2010 मध्ये त्याची परोपजीवी माशी प्वेर्तो रिकोतून आणून सोडली, आणि पपईच्या बागा वाचल्या.

पण ‘पी हळद अन् हो गोरी’ असं इथे होत नाही. फवारल्यावर संध्याकाळी किडी मरून पडलेल्या पाहायची सवय झालेल्या माणसाला चार-पाच दिवस थांबायला सांगावं लागतं. काही उपाय तर कीड येण्याआधीच करायचे असतात. ट्रायकोकार्डं अळी दिसू लागल्यावर लावली तर उपयोग शून्य, कारण ती इवलीशी माशी किडीच्या अंड्यात अंडी घालते, अळीला ती काही करत नाही. बैल गेला आणि झोपा केला, तसं होतं ते.

मुंबईत शेती कुठे आहे? मग हे मुंबईत का शिकायचं?

प्रयोगशाळांसाठी. शीव-माटुंग्यापासून तुर्भ्यापर्यंत (म्हणजे ट्रॉम्बे) या विषयाला लागणारं जेवढं ज्ञान आणि यंत्रसामग्री एकवटली आहे, तेवढी फार थोड्या शहरांत असेल. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था 1933 पासूनची. किण्वन, अन्नतंत्रज्ञान आणि उत्पादन पावडर किंवा द्रवरूपात टिकाऊ कसं करायचं हे तिथे शिकावं. माटुंग्यातच 1924 पासून कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापूस वेचल्यावर उरणाऱ्या काड्यांचं, काय करायचं यावर तिथे वर्षानुवर्षं काम झालं आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था 1961 ची, ती अभिमत विद्यापीठ आहे. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमूग आणि कडधान्यांचे वाण तयार झाले, ट्रायकोडर्माचा गॅमा किरणांनी बदललेला वाणही तिथलाच. तिथली पीएचडी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेकडून मिळते. पवईला आयआयटी आणि कालिन्याला मुंबई विद्यापीठ आहेच.

मुंबईत नाही ते कृषी विद्यापीठ. राज्यातली चारही राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीला. आपल्याला जवळचं दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, आणि त्याचं कर्जतचं भात संशोधन केंद्र तर लोकलने जाता येईल इतकं जवळ. डहाणूच्या बाजूला कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आहे. भोवताली वसईची भाजी, पालघरचा चिकू, रायगडचा भात आणि भातानंतर त्याच ओलीवर येणारा वाल. म्हणजे शेत दोन तासांवर आहे, जायची तयारी तेवढी हवी. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत विचारते : तुझं शेत कोणतं? उत्तर नसलं तरी हरकत नाही. पण हा प्रश्न तिसऱ्या वर्षी नको, आत्ताच पडायला हवा. माटुंग्यात बसून मोखाड्याच्या शेतकऱ्याला सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

प्रवेश कसा मिळतो?

पदव्युत्तर पदवी आणि पात्रता परीक्षा. जीवशास्त्रवाल्यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी, गेट. मुंबई विद्यापीठाची स्वतःची पेट परीक्षाही असते. 2024 पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली नाही तरी फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरता येतं. अशा वेळी नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन असतं, आणि ते गुण वर्षभरच चालतात. कृषी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा वेगळी असते आणि तिथे बहुधा कृषी शाखेचीच पदवी लागते. तुम्ही बीएस्सीवाले असाल तर नीट तपासून घ्या, उगाच अर्जाचे पैसे जायचे.

पैशांचं काय? घरचे विचारतात.

विचारणारच. जानेवारी 2023 पासून जेआरएफ दरमहा 37,000 रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) झाल्यावर 42,000, आणि वर घरभाडे भत्ता. राज्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. मुंबईत वसतिगृह मिळालं तर या पैशांत निभावतं, भाड्याने राहायचं तर ओढाताण होते. शिवाय रक्कम काही वेळा महिनोन्‌महिने उशिरा जमा होते. ज्याच्या घरून मदत येऊ शकत नाही अशा विद्यार्थ्याने चार-सहा महिन्यांची सोय आधी करून मगच पाऊल टाकावं, असं मी स्पष्ट सांगते. आणि शेतावर जायचा प्रवासखर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरला आहे का, हे गाईडना विचारायला लाजू नका.

तीन वर्षांत होते का?

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. महिलांना दोन वर्षांची सवलत मिळू शकते आणि 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा आहे. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं.

पण आमच्या विषयात वर्षं मोजू नका, खरीप मोजा. समजा जानेवारीत प्रवेश झाला. कोर्सवर्क संपेपर्यंत जून उजाडला. हातात अजून एकही तपासलेला जिवाणू नाही, आणि जुलैत भातलावणी होऊन गेली. पहिला खरीप गेला. दुसऱ्या खरिपाचा प्रयोग अतिवृष्टीत वाहून गेला, तर तीन वर्षांत तुमच्याकडे एकच हंगाम उरतो, आणि एका हंगामाच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवू नये. पुढच्या वर्षीचा पाऊस वेगळा असतो.

म्हणून आम्ही पहिला खरीप वाया घालवत नाही. कोर्सवर्क चालू असतानाच विद्यार्थी शनिवार-रविवार फिरून मातीचे नमुने घेतो, शेतकऱ्यांशी बोलतो, कुठे पाणी साचतं आणि कोण काय फवारतं याची नोंद करतो. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहातून एखादा ओळखीचा, अभ्यासलेला वाण मागवून त्याच्यावर छोटा प्रयोग लावतो. त्या प्रयोगातून शोधनिबंध निघत नाही. पण वाफे आखणं, लेबलं लावणं, रोपं मोजणं यात हात बसतो. शिवाय रब्बीत वाल आहेच; खरीप हुकला तरी रायझोबियमवर काम करणाऱ्याला दुसरी संधी तिथे मिळते.

कुंडीत जोरदार चाललेला जिवाणू शेतात का फसतो?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि मुलाखतीत तो कुणीच विचारत नाही.

स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंचं घ्या, कारण दर वर्षी निम्मे अर्ज त्याच विषयाचे येतात. पद्धत ठरलेली : मातीचं द्रावण पिकोव्हस्कायाच्या माध्यमावर पसरायचं. हे माध्यम 1948 चं, त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं, त्यामुळे पेट्री बशी दुधासारखी पांढरट दिसते. ज्या कॉलनीभोवती पारदर्शक वलय पडतं, ती स्फुरद विरघळवते. वलयाचा व्यास मोजायचा, मोठ्या वलयाचा जिवाणू निवडायचा, कुंडीत द्यायचा. रोप वाढलं, शोधनिबंध झाला.

आता कोकणातली जांभी माती पाहा. ती आम्लधर्मी. तिच्यात स्फुरद कॅल्शियमशी नव्हे, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमशी बांधलेलं असतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्या मानाने सहज विरघळणारं. जिवाणूने थोडं आम्ल सोडलं की काम झालं. लोहाला बांधलेलं स्फुरद तेवढ्याने सुटत नाही. म्हणजे परीक्षा एका विषयाची घेतली आणि नोकरी दुसऱ्याच विषयाची दिली. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत स्फुरद कॅल्शियमला बांधलेलं असतं हे खरं, पण तिथे माती स्वतःच आम्ल जिरवून टाकते. बशीत तशी माती नसते. त्यामुळे आमच्याकडे नियम आहे : ज्या मातीत जिवाणू सोडणार, त्याच मातीच्या सामूवर (पीएचवर) आणि त्याच प्रकारच्या फॉस्फेटवर त्याची परीक्षा घ्यायची. वलयं कमी दिसतात, विद्यार्थी हिरमुसतात. पण उरतात ते जिवाणू कामाचे असतात.

हे झालं निवडीचं. पुढे मुळाशी आधीच घर करून असलेले लाखो स्थानिक सूक्ष्मजीव पाहुण्याला जागा देत नाहीत. ऊन आणि अतिनील किरणं पानावरच्या बुरशीचे बीजाणू मारतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची. पाकीट दुकानात पत्र्याखाली एप्रिल-मे काढतं. शेतकरी बियाण्याला आधी बुरशीनाशक चोळतो आणि त्यावरच ट्रायकोडर्मा. यातली कुठली कडी तुटली हे शोधता येणं, हेच प्रशिक्षण.

त्यासाठी नियंत्रण वाफे नीट हवेत. नुसता ‘काहीच न दिलेला’ वाफा पुरत नाही. बीजप्रक्रिया करताना कल्चर (वाढवलेले जिवाणू) गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतात. मग नुसत्या गुळाच्या पाण्याचा एक वाफा, ऑटोक्लेव्हमध्ये मारलेल्या कल्चरचा एक, शिफारशीच्या रासायनिक उपायाचा एक. मेलेल्या कल्चरनेही तेवढाच फरक पडला तर तुमचा जिवाणू काही करत नाहीये, त्याच्यासोबत गेलेलं अन्नद्रव्य करतंय. हे थिसिसमध्ये लिहायला धैर्य लागतं. लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी जास्त मानते.

शेतकऱ्याच्या रानात प्रयोग लावायचा तर काय पाळायचं?

पहिलं, नुकसानभरपाईचं आधी ठरवा, लेखी. ज्या वाफ्याला तुम्ही मुद्दाम काहीच देणार नाही, तिथलं पीक कमी येणार आहे. ते त्या माणसाचं वर्षाचं धान्य आहे.

दुसरं, घरातल्या बाईशी बोला. बियाणं कोण राखतं, लावणी आणि निंदणी कोण करतं? मालक म्हणून दादा पुढे येतात, पण कुठल्या कोपऱ्यात रोप पिवळं पडतं हे वहिनींना ठाऊक असतं.

तिसरं, निकाल परत नेऊन सांगा. प्रयोग फसला असला तरी. शहरातून लोक येतात, माती नेतात, फोटो काढतात आणि पुन्हा दिसत नाहीत, ही तक्रार मी इतक्या गावांत ऐकली आहे की आमच्याकडे निकाल गावात मराठीत सांगितल्याशिवाय सिनॉप्सिसवर माझी सही होत नाही.

गाईड कसे निवडावेत?

नाव मोठं असण्यापेक्षा वेळ देणारे. नियमानुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. किती जागा भरल्या आहेत ते विचारा. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठून बोला, ते खरं सांगतात. आणि कृषी विद्यापीठातला किंवा संशोधन केंद्रातला सहमार्गदर्शक पहिल्या वर्षीच मिळवा.

संख्याशास्त्र किती यावं लागतं?

वाफ्यांची मांडणी आणि पुनरावृत्ती प्रयोगाआधी ठरवता येण्याइतकं. प्रयोग झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे गेलात तर तो फारसं काही करू शकत नाही.

शोधलेल्या जिवाणूचं पेटंट मिळतं का? तो विकता येतो का?

निसर्गात जसा सापडला तसा जिवाणू म्हणजे आपल्या पेटंट कायद्यानुसार शोधनिबंधाचा विषय, पेटंटचा नाही. बदललेला वाण, नवं मिश्रण, ते बनवायची नवी पद्धत यांचा विचार होऊ शकतो. पेटंटचा अर्ज आधी, प्रकाशन नंतर. वाण जमा करायला पुण्याचा आणि चंडीगडचा असे संग्रह आंतरराष्ट्रीय मान्यतेचे आहेत. जैवविविधता कायदा 2002 चा, त्याखालचे सोपस्कारही असतात.

विकायचं तर दोन वेगळे रस्ते. जैविक कीडनाशक असेल तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय मंडळाकडे नोंदणी, त्यासाठी विषारीपणाच्या चाचण्या. जैविक खत असेल तर 1985 चा खत नियंत्रण आदेश : पावडरीतल्या जिवाणू खतात ग्रॅमला 5 कोटी जिवंत पेशी, द्रवरूपात मिलिलिटरला 10 कोटी. हे आकडे विद्यार्थ्यांनी पाठ करावेत असं मला वाटतं. बाजारातलं पाकीट आणून दहा-दहा पट विरळ करत जा, बशीवर पसरा, 30 ते 300 कॉलनी आलेली बशी मोजा. आपण ज्या क्षेत्रात शिरतोय तिथल्या मालाची अवस्था एका आठवड्यात कळते.

युरोपात जाऊन करावी का?

चांगली संधी आहे. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं आणि कंपन्या मिळून विद्यार्थी घेतात. तिथे शिष्यवृत्ती नाही, नोकरीचा करार असतो, बहुधा 36 महिन्यांचा, आणि त्यातला काही काळ दुसऱ्या संस्थेत किंवा कंपनीत काढायचा असतो. कोणत्याही देशाचा नागरिक चालतो. अट एवढीच की आधीच पीएचडी झालेली नसावी, आणि ज्या देशात जायचं तिथे मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. जाहिराती युरॅक्सेस या संकेतस्थळावर येतात.

त्या नेटवर्कमधली एक गोष्ट आपण इथेही घ्यावी : जीवशास्त्रवाला, अर्थशास्त्रवाला आणि कंपनीतला माणूस एकाच विद्यार्थ्याला शिकवतात. मुंबईत या तिन्ही प्रकारची माणसं लोकलच्या अंतरावर आहेत, फक्त एका खोलीत येत नाहीत.

जाताना आपल्या मातीचे नमुने किंवा कल्चर सामानात टाकून नेऊ नका. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते.

रासायनिक फवारणी पूर्ण बंद होईल का?

लवकर होणार नाही, आणि तसं आश्वासन शेतकऱ्याला देऊ नये. पण 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले, हे विसरून या विषयात कामही करू नये. दहा फवारण्यांच्या सहा झाल्या, पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाच्या अंगावर त्यातलं जहाल औषध कमी आलं, तर ते यश आहे.

पुढे नोकरी?

प्राध्यापकी, संशोधन संस्था, जैविक खतं-कीडनाशकं बनवणाऱ्या कंपन्यांत उत्पादन, गुणनियंत्रण आणि नोंदणीचं काम. नोंदणीची कागदपत्रं समजणारा माणूस कंपन्यांना हवा असतो, म्हणून ते शिकून ठेवा. स्वतःचं काही करायचं तर बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेचं बीआयजी अनुदान 50 लाखांपर्यंत मिळतं. नुसत्या प्राध्यापकीच्या आशेवर मात्र येऊ नका. जागा कमी आहेत.

अर्ज करण्याआधी आत्ता काय करता येईल?

जानेवारीत रायगडात वालाच्या शेतावर जा, मालकाला विचारून दोन रोपं मातीसकट हळूच खणा, उपटू नका, गाठी तुटतात. मुळं धुवा. एक गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी असेल तर लेगहीमोग्लोबिन (काम करणाऱ्या गाठीतलं लालसर द्रव्य) आहे, गाठ नत्र बांधतेय. करडी किंवा हिरवट असेल तर तिचं काम संपलंय किंवा सुरूच झालेलं नाही. चांगल्या गाठी थंड डब्यात घालून कॉलेजात आणा, वरून निर्जंतुक करा, चिरडा आणि काँगो रेड घातलेल्या यीस्ट मॅनिटॉल माध्यमावर पसरा. रायझोबियमच्या कॉलनी पांढऱ्या, चिकट दिसतात. ज्या लाल रंग ओढून घेतात त्या बहुधा घुसखोर. शुद्ध कल्चर मिळालं की पुन्हा वालाच्याच रोपाला द्या, निर्जंतुक वाळूत, आणि गाठी येतात का पाहा. हे करून, वहीत तारखेनिशी लिहून मुलाखतीला या. फसलं असलं तरी वही आणा.